माउलींचा अश्व

आषाढी वारीत ज्ञानेश्वर महाराजांची पालखी नातेपुत्याहून माळशिरसकडे निघाली की वाटेत पुरंदवडे येथे गोल रिंगण होते. टाळमृदंगांच्या गजरात दोन अश्व धावतात. एकावर स्वार असतो. दुसऱ्याची पाठ मोकळी असते, कारण ती माउलींची.

पाहणाऱ्यास वाटते, घोड्याचा मागचा गुडघा उलटा वाकतो. परंतु तो गुडघा नव्हे. ती त्याची टाच! खरा गुडघा वर, पोटाजवळ असतो. मनुष्य टाच टेकून चालतो. घोडा मात्र प्रत्येक पायाच्या एकाच बोटावर उभा असतो. खूर म्हणजे त्या बोटाचे नख.

मागच्या पायाचे बलवान स्नायू पुठ्ठ्यात व मांडीत एकवटलेले असतात. टाचेखाली जवळजवळ नुसत्या दोरीसारख्या कंडरा असतात. वर स्नायू आखडला की खाली ही दोरी ओढली जाते. त्यामुळे पाय खाली हलका राहतो आणि झपाट्याने पुढे पडतो. मात्र दुखावलेली कंडरा लवकर भरून येत नाही. म्हणून जाणता मोतद्दार दौडीनंतर खाली बसून घोड्याच्या पायांवरून हात फिरवतो व सूज तर नाही ना, हे पाहतो.

रिंगण संपताच वारकरी टापांखालची माती कपाळी लावतात. ज्या पायांची धूळ वंद्य, त्या पायांची काळजी घेणे हीही पूजाच होय.