सुई, कावळा आणि फांदी

दुखणें ही माणसाची एकच मालमत्ता अशी आहे कीं, जिचा सात-बाराचा उतारा कोणासहि दाखवितां येत नाहीं. पाय मोडला तर प्लास्टर दिसतें, ताप आला तर पारा चढतो. परंतु तीन वर्षें मुरलेली कंबरदुखी पाहणाऱ्याच्या डोळ्यांना दिसत नाहीं. मी खुर्चीवरून उठतांना दोन्ही हात गुडघ्यांवर टेकतों एवढेंच त्याला दिसतें, आणि तेवढ्यावरून तो मला पोट कमी करण्याचा सल्ला देतो. मालमत्ता माझी, पण तिची व्यवस्था कशी लावावी हें मात्र सर्व जगाला माझ्यापेक्षां अधिक कळतें!

माझा व्यवसाय तर्कशास्त्र शिकविण्याचा. अठ्ठावीस वर्षें मी फळ्यापुढें उभा राहून बोलत आलों आहें. त्याचें व्याज म्हणून कीं काय, तीन वर्षांपूर्वीं एका सकाळीं पाण्याची बादली उचलतांना कंबरेंत जी उसण भरली ती परत जावयास विसरली. पुढें ती डाव्या पायांत उतरूं लागली. डॉक्टरांनीं मणक्यांचें चित्र काढविलें. दोन मणक्यांमधील एक चकती किंचित् सरकली आहे, शस्त्रक्रिया करण्याजोगें कांहीं नाहीं, असा निर्णय झाला. गोळ्यांनीं कंबर थोडी शमली, पण पोट पेटलें. पट्टा बांधला, व्यायाम केले. घरांत निर्गुडीच्या पाल्याचा शेक झाला, एरंडेलाचें मालिश झालें. या सर्वांनीं थोडेंथोडें बरें वाटलें हें नाकारणें कृतघ्नपणाचें होईल. परंतु रात्रीं तीनच्या ठोक्याला कंबर मला जागें करी, आणि उजाडेपर्यंत मी घरांतल्या घरांत येरझारा घालीत असें.

अशा एका रात्रीनंतर मी सुया टोंचून घेण्यास तयार झालों. तयार झालों म्हणण्यापेक्षां शरण गेलों म्हणणें अधिक खरें. अ‍ॅक्युपंक्चर ही चिनी विद्या. शरीरांत 'ची' नांवाची शक्ति ठराविक वाहिन्यांतून वाहत असते, ती अडली कीं दुखणें उद्भवतें, आणि योग्य ठिकाणीं सुई टोंचली कीं अडथळा दूर होतो, असा तिचा सिद्धान्त सुमारें दोन हजार वर्षांपूर्वींच्या ग्रंथांत सांपडतो. ज्या वाहिन्या शवविच्छेदनांत आजवर कोणाला दिसल्या नाहींत त्यांच्यावर विश्वास ठेवणें माझ्या जिवावर येत होतें. खुद्द चीनच्या बादशहानेंहि १८२२ सालीं आपल्या राजवैद्यांच्या संस्थेंतून ही विद्या हद्दपार केली होती. पुढें माओच्या राजवटींत तिला पुन्हा मान मिळाला. १९७१ सालीं जेम्स रेस्टन हे अमेरिकन पत्रकार पेकिंगमध्यें असतां त्यांचें आंत्रपुच्छ काढावें लागलें. शस्त्रक्रिया नेहमींच्याच औषधांनीं भूल देऊन झाली. मागाहून पोटांत जो त्रास झाला त्यावर सुया टोंचण्यांत आल्या, आणि त्यांनीं आराम पडल्याचें रेस्टन यांनीं आपल्या पत्रांत लिहिलें. लोकांनीं मात्र सुयांच्या बळावर पोटच फाडल्याची वदंता उठविली! मी ही गोष्ट वर्गांत ऐकीव पुराव्याचें उदाहरण म्हणून सांगत असें.

आम्हां सोलापूरकरांना मात्र या विद्येशीं एक दूरचें नातें सांगतां येतें. आमचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ सालीं ज्या पांच डॉक्टरांच्या पथकांतून चीनला गेले, त्यांत डॉ. विजयकुमार बसू हेहि होते. कोटणीस १९४२ सालीं तिकडेच निवर्तले. बसू परत आले, पुढें पुन्हा चीनला जाऊन सुयांची विद्या शिकले, आणि १९५९ च्या सुमारास त्यांनीं ती कलकत्त्यांत सुरू केली. कोटणीसांच्या गांवच्या माणसानें एकदां तरी सुई टोंचून घ्यावयास हरकत नाहीं, अशी मीं माझ्या बुद्धीची समजूत घातली. हा युक्तिवाद तर्कदुष्ट आहे हें मला ठाऊक होतें. पण रात्रीं तीन वाजतां माणूस फार कडक परीक्षक राहत नाहीं.

ज्या डॉक्टरीणबाईंकडे मी गेलों त्या आधुनिक वैद्यकाच्या पदवीधर. सुयांचें शास्त्र त्या मागाहून शिकलेल्या. पहिल्या दिवशीं त्यांनीं सुई हातांत घेतलीच नाहीं. पाऊण तास त्या मला विचारीत राहिल्या. दुखतें म्हणजे कसें? ठणकतें, कीं सणक मारते? कळ येते, कीं नुसती रग लागते? पायांत चमक उतरते, ओढ लागते, कीं मुंग्या येतात? आपल्या भाषेनें दुखण्यासाठीं शब्दांचा केवढा सांठा करून ठेवला आहे, आणि आपण 'पेन' या एका शब्दावर त्या सर्वांची बोळवण करतों, हें मला त्या दिवशीं जाणवलें. तीन वर्षांत 'कोठें दुखतें?' असें मला पुष्कळांनीं विचारलें होतें, 'कसें दुखतें?' हें कोणींहि विचारलें नव्हतें.

दुसऱ्या खेपेस त्यांनीं मला पालथें निजविलें. सुई पाव मिलिमीटर जाडीची, भरीव. प्रत्येक वेळीं नवी, निर्जंतुक पाकिटांतून काढलेली. कांहीं सुया कंबरेंत गेल्या, कांहीं खुब्याला, आणि एकेक गुडघ्यामागच्या लवणींत. मीं विचारलें, "कंबर दुखते तर गुडघ्यामागें सुई कां?"

बाई म्हणाल्या, "कंबरेसाठीं तेथें टोंचावें असें चिनी वैद्य पिढ्यान् पिढ्या सांगत आले आहेत, सर. पण कां, तें मलाहि निश्चित ठाऊक नाहीं."

त्यांनीं या ठिकाणीं चार भारदस्त शब्द फेंकले असते तर मी उठून घरीं आलों असतों. या उत्तरानें मात्र मी निमूटपणें पडून राहिलों. टोंचण्याची वेदना मुंगी चावावी एवढीच. मागाहून सुईभोंवतीं एक जड, बोथट रग पसरे. चिनी वैद्य तिला 'दे-ची', म्हणजे 'ची' हातीं लागली, असें म्हणतात. वीस मिनिटें तसेंच पडून राहावयाचें, आणि मग उठून घरीं जावयाचें.

आठवड्यांतून दोनदां याप्रमाणें पांच आठवडे मी गेलों. चौथ्या बैठकीनंतरच्या रात्रीं जाग आली तेव्हां घड्याळांत पांच वाजले होते. मी कांहीं वेळ अंथरुणांत पडूनच विचार करीत राहिलों कीं, तीन वाजतां काय झालें असावें? कांहींच झालें नव्हतें! दहा बैठकींनंतर दुखणें नाहींसें झालें असें नाहीं. ढगाळ हवा पडली कीं तें अजूनहि हजेरी लावतें. पण तीनचा ठोका थांबला, आणि सगळा तास उभा राहून मी पुन्हा शिकवूं लागलों.

येथपर्यंत सर्व ठीक झालें. परंतु कंबर शांत होतांच बुद्धीनें डोकें वर काढलें. सुया टोंचल्या आणि बरें वाटलें, म्हणून सुयांनीं बरें वाटलें, असें कोण म्हणतो? हा तर काकतालीय न्याय! कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गांठ. हें वाक्य मनांत आलें मात्र, आणि त्याच्या पाठोपाठ आईचा आवाज ऐकूं आला.

आई जाऊन आतां नऊ वर्षें झालीं. शेवटचीं कांहीं वर्षें तिचे गुडघे फार दुखत. गल्लींतली एक म्हातारी बाई येऊन तिचे पाय गरम तेलानें चोळी, गुडघ्यावर बिब्ब्याची फुली घाली, आणि चोळतांचोळतां साऱ्या गांवच्या गोष्टी सांगे. ती येऊन गेली कीं आई दोन दिवस हलक्या पायांनीं घरांत वावरत असे. एकदां बिब्बा उतला आणि गुडघ्याला मोठा फोड आला. मी संतापलों. मीं आईला समजावून सांगितलें कीं, गुडघ्यांची झीज तेलानें भरून येत नाहीं, दुखणें आपोआपच कमीजास्त होत असतें, आणि तुला बरं वाटतं तो नुसता भास आहे. वर ही कावळ्याची म्हणहि ऐकविली.

आई म्हणाली, "मोडली ना फांदी? मग झालं तर! तुला कावळ्याची एवढी चौकशी कशाला?"

मी हंसलों. संध्याकाळीं दारांत गांठून मीं त्या बाईला यापुढें येऊं नको म्हणून सांगितलें. आई पुन्हा या विषयावर बोलली नाहीं, आणि मीं ती माझ्या युक्तिवादाची फत्ते समजलों.

आतां कावळा माझ्याच फांदीवर येऊन बसला होता. मग मीं वाचावयास घेतलें. जर्मनींतील एका मोठ्या प्रयोगाचा वृत्तान्त २००७ सालीं प्रसिद्ध झाला आहे. जुनाट कंबरदुखीचे ११६२ रोगी घेऊन त्यांचे तीन गट केले. एका गटाला चिनी शास्त्राप्रमाणें सुया टोंचल्या. दुसऱ्याला मुद्दाम चुकीच्या ठिकाणीं, वरवर टोंचल्या. तिसऱ्याला औषधें, व्यायाम इत्यादि नेहमींचे उपचार दिले. सहा महिन्यांनीं पाहतां, खऱ्या सुयांच्या गटांत शेंकडा ४७.६ लोकांना ठळक आराम पडला होता, खोट्या सुयांच्या गटांत ४४.२ लोकांना, आणि नेहमींच्या उपचारांच्या गटांत अवघ्या २७.४ लोकांना!

हे तीन आंकडे मीं फळ्यावर लिहावे तसे कागदावर लिहिले, आणि पुष्कळ वेळ त्यांच्याकडे पाहत बसलों. पहिल्या दोन आंकड्यांनीं वाहिन्यांचा सिद्धान्त जवळजवळ निकालांत काढला होता; सुई नेमकी कोठें टोंचली याला फारसें महत्त्व दिसत नव्हतें. परंतु दुसऱ्या आणि तिसऱ्या आंकड्यांतील अंतराचें काय करावयाचें? ज्या शेंकडा चव्वेचाळीस माणसांना खोट्या सुयांनीं बरें वाटलें, त्यांना जाऊन मी काय सांगणार? तुम्हांला बरें वाटत नाहीं, असें? पंडितांतहि यावर एकमत नाहीं. इंग्लंडांतील अधिकारी संस्थेनें २०१६ सालीं कंबरदुखीवर सुया टोंचूं नयेत असें सांगितलें, तर दुसऱ्याच वर्षीं अमेरिकेंतील वैद्यांच्या संस्थेनें जुनाट कंबरदुखीला औषधांपूर्वीं करून पाहण्याच्या उपायांत सुयांचा समावेश केला.

आणि भास म्हणजे तरी काय? १९७८ सालीं कॅलिफोर्नियांत दाढ काढलेल्या रोग्यांना औषध म्हणून नुसतें निरुपद्रवी पाणी टोंचण्यांत आलें. कित्येकांना त्यानेंच आराम वाटला. मग अफूचा अंमल उतरविणारें एक औषध देतांच त्यांची वेदना पुन्हा वाढली. याचा अर्थ असा कीं, आशेनें बरें वाटतें तेव्हांहि शरीर आपल्याच भांडारांतून अफूसारखें कांहींतरी काढून देत असतें. ज्याला मी आईच्या बाबतींत भास म्हणून मोकळा झालों, त्यालाहि रक्तामांसाचा आधार होता.

माझी चूक मला येथें दिसली. बरें वाटलें का, हा एक प्रश्न; कशानें वाटलें, हा दुसरा. पहिल्याला साक्षीदार एकच, तो म्हणजे ज्याचें दुखतें तो. दुसऱ्यासाठीं प्रयोग हवे, आंकडे हवेत, तर्कशास्त्रहि हवें. दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर माझ्या मनासारखें नव्हतें म्हणून मीं पहिल्याचें उत्तर खोडून टाकलें. एखाद्या विद्यार्थ्यानें पेपरांत हें केलें असतें तर मीं त्याचे गुण कापले असते.

यावरून दिसेल त्या कावळ्याची पूजा करीत सुटावें असें मी म्हणत नाहीं. बिब्ब्याचा फोड खरा होता. पाय बधिर पडूं लागला, लघवीवरचा ताबा सुटूं लागला, तर सुयांकडे नव्हे, तडक रुग्णालयाकडे धांव घेतली पाहिजे. आणि कोणी सुयांनीं वाटेल तो रोग समूळ बरा करण्याची हमी देऊं लागला, तर त्याला कावळ्याची चौकशी अवश्य करावी. फक्त ती करतांना फांदीखालून सुटलेल्या माणसाला, तूं अजून अडकलेलाच आहेस, असें सांगूं नये.

गेल्या रविवारीं मीं हें सारें घरांत बोलून दाखविलें. सौ. तांदूळ निवडीत बसली होती. सर्व ऐकून घेतल्यावर ती म्हणाली, "त्या बाई येतच होत्या कीं शेवटपर्यंत! तुम्ही अकराला कॉलेजांत गेलांत कीं मागच्या दारानं यायच्या. बिब्बा तेवढा आईंनीं बंद केला. म्हणाल्या, त्याचं तेवढं म्हणणं खरं आहे."

मी बराच वेळ कांहीं बोललों नाहीं. माझ्या उपदेशांत जेवढें खरें होतें तेवढें आईनें तांदळांसारखें निवडून घेतलें होतें, आणि खडे मला न दाखवितां टाकून दिले होते. तिचे पाय शेवटपर्यंत हलके होत राहिले, हें ऐकून मला समाधान वाटलें. पण तिचें बरें वाटणें तिला मुलापासून लपवून, मागच्या दारानें घरांत घ्यावें लागलें, या गोष्टीची कळ मात्र अजून अधूनमधून येते. आणि कसें दुखतें, असें कोणीं विचारलें तर तिच्यासाठीं मला नेमका शब्द सांपडत नाहीं.