छज्ज्याखालच्या गांधीलमाश्या

गांधीलमाश्यांच्या पोळ्यातली एक माशी दुसरीहून निराळी असू शकते, हे माझ्या कधी मनातही आलं नव्हतं. तांबूस-तपकिरी अंग, बारीक कंबर, पोटावर पिवळी किनार आणि मागे नांगी. एक पाहिली की सगळ्या पाहिल्या, असंच मी धरून चालले होते. आमच्या साताऱ्याच्या घराला मागच्या खिडकीवर, छज्ज्याखाली पोळं लागलं तेव्हा शेजारचे सर ते बघायला आले. प्राणिशास्त्राचे प्राध्यापक म्हणून ते निवृत्त झाले आहेत. बराच वेळ काचेशी उभे राहिले आणि म्हणाले, "ताई, हे काढू नका. खिडकी बंद ठेवा, आतून बघत जा. जमलं तर लिहून ठेवा."

"काय लिहू, सर?"

"कोण काय करतं ते."

मी शाळेत भूगोल शिकवला. कीटकांशी माझा संबंध दहावीच्या पुस्तकापुरता. तरी वही घेऊन बसले आणि पहिल्याच सकाळी गोंधळून गेले. पोळ्यावर वीसेक माश्या होत्या. एक उडून गेली, थोड्या वेळाने एक येऊन टेकली. ती तीच की दुसरी? एकीने दुसरीच्या पायाला चावा घेतला, दोघी पोळ्याच्या मागच्या अंगाला गेल्या, पुन्हा पुढे आल्या तेव्हा चावलेली कोणती आणि चावणारी कोणती? वहीत नुसतं "एक माशी", "दुसरी माशी" असं साठत गेलं. त्या लिहिण्यातून काहीही हाती लागेना. एवढी हालचाल समोर होती आणि तिला ना सुरुवात दिसत होती, ना शेवट.

सरांना हे सांगितल्यावर ते एका पहाटे स्टूल, लांब काडी आणि झटपट वाळणाऱ्या रंगांच्या बाटल्या घेऊन आले. गारव्यात माश्या सुस्त असतात. त्यांनी एकेकीच्या पाठीवर काडीच्या टोकाने ठिपका ठेवला. कुणाला निळा, कुणाला लाल, कुणाला हिरवा आणि त्याच्या शेजारी पिवळा. हे त्यांनी उमेदीच्या काळात पुष्कळ केलेलं काम आहे. मग माझ्या वहीत रेघा मारून दिल्या: डाव्या बाजूला माश्यांची नावं, वर वेळा. दर पाच मिनिटांनी मान वर करायची आणि त्या क्षणी प्रत्येक माशी काय करते आहे ते तिच्या नावापुढे टिपायचं. बसली आहे, शिंगं म्हणजे स्पृशा उंचावून बसली आहे, चालते आहे, घरं तपासते आहे, घरात डोकं घातलं आहे, किंवा पोळ्यावर नाहीच.

आणि मग ते पोळं मला दिसू लागलं. निळी सारखी बाहेर. परत यायची ती तोंडात हिरवट गोळा घेऊन. चावून लगदा केलेल्या अळीचा तो गोळा. ती टेकायच्या आत दोघीतिघी तो काढून घ्यायच्या, आपसात वाटायच्या आणि घराघरांत डोकं घालून आतल्या पिल्लांना भरवायच्या. निळी थोडी थांबून पुन्हा निघालेली. लाल मात्र पोळं सोडायची नाही. स्पृशा ताठ उभ्या करून बसायची आणि मध्येच कुणाच्यातरी अंगावर धावून जायची. चावायची, पाठलाग करायची, दुसरीच्या अंगावर चढायची. खालची माशी अंग चोरून निपचित पडायची. आणि पांढरी? पांढरी बसायची. पंख साफ करायची, पुन्हा बसायची. वहीत तिच्यापुढे पानंच्या पानं "बसली आहे" एवढंच.

दुसऱ्या दिवशी तेच, पुढच्या आठवड्यात तेच. माझा गोंधळ आता वेगळा होता. एकाच पोळ्यात, एकाच आईच्या पोटी जन्मल्यासारख्या दिसणाऱ्या या माश्यांचे स्वभाव इतके कसे वेगळे? आणि इतके वेगळे असून पोळं एका जिवाचं असल्यासारखं कसं चालतं?

सरांनी तेव्हा मला याच माश्यांचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ राघवेंद्र गदगकर यांच्याबद्दल सांगितलं. माझ्या छज्ज्याखालच्या माशीचं शास्त्रीय नाव रोपालिडिया मार्जिनाटा. दक्षिण भारतात आणि आपल्याकडे ती सर्रास आढळते. बंगळूरच्या सेंट्रल कॉलेजात शिकताना गदगकरांनी तिची पोळी कॉलेजच्या खिडक्यांवर पाहिली. पुढे त्यांनी भारतीय विज्ञान संस्थेत रेण्वीय जीवशास्त्रात पीएच.डी. केली, पण माश्यांनी त्यांना सोडलं नाही. तिथेच काम करणाऱ्या आपल्या पुण्याच्या माधव गाडगीळांनी त्यांना प्रोत्साहन दिलं आणि हा तरुण माणूस प्रयोगशाळेतल्या रेणूंकडून खिडकीतल्या पोळ्यांकडे वळला. 1983 मध्ये एन. व्ही. जोशी यांच्याबरोबर त्यांनी एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. माश्यांना रंगांनी खुणा करायच्या, कोणती माशी कशात किती वेळ घालवते ते मोजायचं आणि आकडेच काय सांगतात ते पाहायचं. आकड्यांनी माश्यांचे तीन गट पाडून दाखवले: बसून राहणाऱ्या, भांडणाऱ्या आणि बाहेर फिरणाऱ्या.

हे ऐकलं तेव्हा अंगावर शहारा आला. पांढरी, लाल, निळी. साताऱ्याच्या एका खिडकीत मी रेघा मारलेल्या वहीत जे टिपत होते, ते कुणीतरी आधीच, कितीतरी नेटाने आणि काटेकोरपणे पाहून ठेवलं होतं.

"आता राणी कोणती ते सांगा," सर म्हणाले.

राणी म्हटलं की सगळ्यांना धाकात ठेवणारी कुणीतरी डोळ्यांपुढे येते. सरांनी उत्तर दिलं नाही, फक्त म्हणाले, "अंडं कोण घालतं ते बघा." ते दिसायला बरेच दिवस गेले. एका दुपारी पांढरी उठली, एका रिकाम्या घराशी आली, आत डोकं घालून पाहिलं, मग वळून पोटाचं टोक त्यात खुपसून स्थिर राहिली. ती बाजूला झाल्यावर घराच्या तळाशी मोहरीहून बारीक, पांढरं अंडं चिकटलेलं दिसलं. सगळ्यात शांत, कुणाच्या अध्यात ना मध्यात, ती पांढरी राणी होती. गदगकरांच्या पोळ्यांतही राणी बसणाऱ्यांच्याच गटात निघाली होती. याच कुळातली रोपालिडिया सायाथिफॉर्मिस नावाची दुसरी माशी आहे; तिच्यातही तेच तीन गट सापडले, पण तिथे राणी भांडणाऱ्यांमध्ये होती. दोन सख्ख्या जातींमध्ये राज्य चालवण्याच्या दोन तऱ्हा!

खरा पेच इथून सुरू झाला. राणी जर नुसती बसून राहते, तर निळीला बाहेर जायला सांगतं कोण? पिल्लं उपाशी आहेत हे तिला कळतं कसं? माझ्या वहीत भांडणाचा रकाना वेगळा होता. श्रावणातल्या झडीत माश्यांना बाहेर पडता येईना. पाऊस उघडला त्या सकाळी लाल आणि तिच्या जोडीच्या दोघीतिघींनी जो गोंधळ घातला, तो मी आधी पाहिलेला नव्हता. बाहेर जाणाऱ्या माश्यांवरच त्या तुटून पडत होत्या आणि त्या बिचाऱ्या मार खाऊन उडून जात होत्या. एका पोळ्यावरून, एका सकाळीवरून काही सिद्ध होत नाही, हे सरांनी मला बजावलं. पण गदगकर आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी नेमकं हेच तपासलेलं आहे. पोळ्याला जादा अन्न दिलं की माश्यांमधली मारामारी कमी होते. उपासमार झाली की वाढते. म्हणजे ही भांडणं सत्तेसाठी नाहीत. पोळ्यात भूक किती आहे याचा तो निरोप आहे आणि तो फिरत्या माश्यांपर्यंत चाव्याचाव्यांनी पोचतो. राणीचा यात हात नाही. पोटाचं टोक ती पोळ्यावर घासत फिरते आणि तिथल्या ग्रंथीतून पाझरणाऱ्या रसायनांवरून इतरांना कळतं की राणी जागेवर आहे. अंडी घालण्याचा तिचा एकटीचा हक्क त्या वासावर टिकतो. बाकीची कामं कामकरी माश्या आपसात बघतात.

मला लालचा राग यायचा, हे खरं आहे. आता तिच्याकडे मी निराळ्या नजरेने पाहते. सगळ्याच निळीसारख्या असत्या तर घराघरांतून फिरणारं, भूक ओळखणारं कुणी उरलं नसतं; सगळ्याच लालसारख्या असत्या तर अन्न आणलं कुणी असतं? पोळं चालतं ते त्या एकमेकींसारख्या नाहीत म्हणून. मला वाटतं, हे मला समजलेलं सगळ्यात मोठं सत्य आहे. घोळक्याकडे बघताना आपण एकसारखेपणा शोधतो, आणि घोळका उभा असतो वेगळेपणावर.

मधमाश्यांतही हेच दिसतं, असं सरांनी एकदा चहा पिताना सांगितलं. मधमाश्यांच्या राणीचा समागम अनेक नरांशी होतो, त्यामुळे पोळ्यातल्या कामकऱ्यांची आई एक आणि बाप वेगवेगळे. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी 2004 मध्ये दाखवलं की अनेक बापांच्या लेकी असलेल्या पोळ्यात पिल्लांच्या भागातलं तापमान अधिक स्थिर राहतं. कुणी जरा गरम होताच पंखांनी वारा घालायला लागते, कुणी बरंच तापल्यावर. सगळ्या एकाच अंशाला उठल्या असत्या तर पोळं एकदम गार पडलं असतं, मग एकदम तापलं असतं.

पण हे स्वभाव दगडावरची रेघ नव्हेत. गणपतीच्या सुमाराला निळी एक दिवस बाहेर गेली ती परतली नाही. पक्ष्याने टिपली की कोळ्याच्या जाळ्यात सापडली, कुणास ठाऊक. मला त्या रिकाम्या रकान्याकडे बघवेना. काही दिवसांतच पिवळी, जी आतापर्यंत पिल्लांना भरवण्यात आणि घरांच्या भिंती वाढवण्यात गुंतलेली असायची, ती बाहेर जाऊ लागली. या माश्यांमध्ये वयानुसार कामं बदलतात: कोवळ्या वयात पिल्लांना भरवायचं, घरं बांधायची, वय वाढलं की बाहेर पडून कागदासाठी झाडांचे तंतू आणि खाणं आणायचं. वयाचा हिशेबही पोळ्यातल्या इतरांच्या मानाने असतो. थोरल्या कमी झाल्या की धाकट्या लवकर पुढे होतात.

सगळ्यात चक्रावून टाकणारी गोष्ट त्यानंतर घडली. पांढरी नाहीशी झाली. सकाळी तिचा पत्ता नव्हता. राज्य आता लालचं, असं कुणालाही वाटलं असतं. पण तासाभरात पोळ्यावर कहर केला तो हिरवी-पिवळीने. जिच्यापुढे वहीत काही विशेष नव्हतं, ना फार बैठी, ना फार भांडखोर, ना फार फिरती, ती अचानक एकेकीवर झडप घालत होती. लालवरसुद्धा. आणि लालने उलट हल्ला केला नाही! कुणीच केला नाही. मी सरांना हाका मारत गेले. ते आले, पाहिलं आणि म्हणाले, "ही होणारी राणी. बघा, आता निवळत जाईल." तसंच झालं. दिवसागणिक तिचा आवेश उतरत गेला, आणि आठवड्याभराने ती घरात अंडं घालताना दिसली. तोवर ती पांढरीइतकीच शांत झाली होती.

ही वारस आधी ओळखता येते का? आकारावरून नाही, वागण्यावरूनही नाही. शास्त्रज्ञांनी फार प्रयत्न केले आहेत. तरी माश्यांना मात्र ती माहीत असते. अनिंदिता भद्रा आणि गदगकरांनी 2008 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत पोळं दुभंगून मध्ये जाळी बसवली होती. एका बाजूला राणी, दुसऱ्या बाजूला राणीविना माश्या, आणि मग राणीची बाजू बदलायची. त्यातून दिसलं की वारस ठरलेली असते आणि इतर माश्या तिला आव्हान देत नाहीत. पहिली वारस काढून घेतली तर दुसरी तशीच बिनविरोध पुढे येते. माणसाच्या डोळ्यांना न दिसणारी ही यादी माश्या कशावरून वाचतात, या विचाराने माझी झोप उडते.

माझी एक विनंती आहे. घराच्या वळचणीला, छज्ज्याला असं लहान पोळं लागलं तर लगेच चिंध्या पेटवू नका, फवारा मारू नका. या माश्या बागेतल्या अळ्या मोठ्या प्रमाणात खातात आणि पोळ्याला धक्का लागला नाही तर सहसा अंगावर येत नाहीत. बंद काचेआडून बघा, मुलांनाही दाखवा, वही ठेवा. रंगाचे ठिपके द्यायच्या भानगडीत मात्र जाणत्या माणसाशिवाय पडू नका. आणि पोळं येण्याजाण्याच्या वाटेवर असेल, किंवा घरात कुणाला दंशाची ॲलर्जी असेल, तर ते माहितगाराकडून काढून घ्या.