नेट गेलंय, म्हणजे नेमकं काय?

११ ऑक्टोबर २०२५, शनिवार

लाडकी बहीण योजनेच्या ई-केवायसीमुळे सेनगावातल्या सगळ्या सेवा केंद्रांपुढे सकाळपासून चपलांचा ढीग. त्यातल्याच एका केंद्राच्या पोराचा फोन आला, "भाऊ, नेट गेलंय. लवकर या, बाया खवळल्यात."

संगणक दुरुस्तीच्या धंद्यात "नेट गेलंय" हे वाक्य मी रोज ऐकतो आणि रोज वैतागतो. त्यात किमान चार वेगवेगळ्या भानगडी दडलेल्या असतात. नेटवर्क कार्डच मेलेलं असतं. कार्ड ठीक, पण ड्रायव्हर नसतो. दोन्ही ठीक, पण वायर सुटलेली असते. सगळं जागेवर, पण राऊटर मशीनला पत्ताच देत नाही. शिवाय कधी पलीकडचा सर्व्हर झोपलेला असतो, त्याला आपण काय करणार? पण पडद्याच्या कोपऱ्यातलं ते चिमुकलं चित्र या सगळ्यावर जवळपास तेच तोंड वाकडं करतं. लोक त्याच्याकडे बघून निदान करतात आणि खर्चात पडतात. या पोरानं तर माझ्याआधी कुणाच्या तरी सल्ल्यानं नवा राऊटरही आणून बसवला होता.

मी कमांड प्रॉम्प्टची काळी खिडकी उघडली आणि आयपीकॉन्फिग, एक जागा सोडून स्लॅश ऑल, एवढं टाइप केलं. मशीनमधल्या प्रत्येक अडॅप्टरची कुंडली समोर आली: नाव, बारा अक्षर-आकड्यांचा मॅक पत्ता, डीएचसीपी (म्हणजे राऊटरकडून आपोआप पत्ता घेणं) चालू की बंद, आयपी कोणता. आयपी १६९.२५४ पासून सुरू होत होता. तिथंच उलगडा झाला. कुणी पत्ता देईना, तेव्हा विंडोज स्वतःच या मालिकेतला एक पत्ता घेऊन बसतं. म्हणजे कार्ड जिवंत, ड्रायव्हर जागेवर, वायरही जोडलेली. नव्या राऊटरमधलं पत्ते वाटायचं काम बसवणाऱ्यानं बंद ठेवलं होतं. ते चालू केलं.

बाहेर बसलेली एक म्हातारी म्हणाली, "झालं का रं बाबा? का उद्या येऊ?" झालं होतं.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

आज विंडोज १० चा मोफत आधार संपला. दिवसभर फोन. लोकांना वाटतं उद्या सकाळी मशीन चालूच होणार नाही. होईल हो, चालू होईल. सुरक्षेचे अपडेट तेवढे थांबले. पण विंडोज ११ ला टीपीएम २.० लागतं आणि प्रोसेसर इंटेलचा असेल तर आठव्या पिढीपासून पुढचा लागतो. आमच्या तालुक्यातल्या शाळांमध्ये, पतसंस्थांमध्ये जी मशीनं आहेत, त्यांतली कितीतरी या अटीत बसत नाहीत. भंगारात घालण्याइतकी ती वाईटही नाहीत.

एका शाळेचे मुख्याध्यापक सर अशीच जुनी मशीनं टेम्पोत घालून घेऊन आले. लिनक्स टाकायचं ठरलं. चेन्नईच्या सी-डॅकनं बनवलेलं बॉस लिनक्स सरांनी ऐकलेलं होतं, ते डेबियन या लिनक्सवर उभं आहे. माझा आग्रह एवढाच की आधी पेनड्राइव्हवरून चालू करून बघू. हार्ड डिस्क पुसून झाल्यावर वायफाय ओळखलं जात नाही असं कळण्यात काय अर्थ?

टर्मिनल उघडून एलएसपीसीआय लिहिलं. मदरबोर्डच्या पीसीआय मार्गावर जे जे बसलंय, त्याची हजेरीच ती. इथरनेट कंट्रोलरच्या ओळीआधी ०३:००.० असा आकडा, पुढे रियलटेक, आरटीएल ८१११. मग आयपी लिंक ही आज्ञा दिली, तर त्याच कार्डाचं नाव ईएनपी३एस० असं दिसलं.

"हे कसलं नाव?" सर म्हणाले. "आमच्या वेळी ईटीएच० असायचं."

असायचं खरं. पण एका मशीनमध्ये दोन कार्डं असली की आधी कोणतं सापडेल त्यावर ईटीएच० आणि ईटीएच१ ठरायचे आणि रीस्टार्टनंतर त्यांची अदलाबदल व्हायची भीती असायची. २०१३ साली लिनक्समधल्या सिस्टमडीनं नाव कार्डाच्या जागेवरून द्यायची पद्धत आणली. ईएन म्हणजे इथरनेट, पी३ म्हणजे तीन क्रमांकाची पीसीआय बस, एस० म्हणजे तिच्यावरचा शून्य क्रमांकाचा स्लॉट. वरच्या ०३:००.० शी ताडून बघा, जुळतं. सरांनी वहीत लिहून घेतलं. मास्तर माणूस.

एलएसपीसीआयला दोन एन जोडले की नावासोबत कंपनीचा सांकेतिक क्रमांकही येतो. इंटेलचा क्रमांक ८०८६. १९७८ सालच्या त्यांच्या प्रोसेसरचंही हेच नाव. सर पॉलिटेक्निकला तोच प्रोसेसर शिकलेले, त्यामुळे खुदकन हसले. या क्रमांकांची नावांशी सांगड घालणारी यादी जगभरातले लोक फुकटात भर घालून चालू ठेवतात, आणि मूळ साधन मार्टिन मारेश नावाच्या एका झेक प्रोग्रामरनं लिहिलेलं. सेनगावच्या शाळेतल्या जुनाट मशीनचं कार्ड त्या यादीत नावानिशी सापडतं, याचं मला अजून अप्रूप आहे.

१५ ऑक्टोबर, बुधवार

हिंगोलीला शिकणारा एक मुलगा लॅपटॉप घेऊन आला. विंडोज काढून त्यानं स्वतःच लिनक्स टाकलेलं, वायफाय गायब. दुसऱ्या दुकानात त्याला "कार्ड जळालं" असं सांगून नव्या कार्डाचा भाव सांगितला होता. एलएसपीसीआयला के जोडलं की प्रत्येक कार्डाखाली कोणता ड्रायव्हर चालू आहे तीही ओळ येते. याच्या वायफाय कार्डाचं नाव, मॉडेल सगळं हजर, फक्त ड्रायव्हरची ओळ नाही. जळालेलं कार्ड असं खणखणीत नाव सांगत नाही. या चिपला वेगळा ड्रायव्हर टाकावा लागतो, एवढंच.

पण ड्रायव्हर उतरवायला नेट पाहिजे आणि नेटला ड्रायव्हर! मी त्याचा फोन यूएसबीच्या वायरनं जोडला, टेदरिंग चालू केलं आणि पुन्हा आयपी लिंक मारलं. यादीत एक नवं नाव वाढलेलं, ईएनएक्सनं सुरू होणारं आणि मागे मॅक पत्त्याची शेपटी. फोनच नेटवर्क कार्ड होऊन बसला होता. "आयला!" पोरगं म्हणालं. कार्डाचे पैसे वाचले म्हणून चहा त्यानं पाजला.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार, वसुबारस

गिऱ्हाईक कमी. सोयाबीनमध्ये जे काही हाती लागलं ते वाळवून विकायच्या गडबडीत सगळे. सप्टेंबरच्या पावसानं मराठवाड्यातली पिकं धुऊन नेली.

दुपारी एक बिननावाचं वायफाय डोंगल आलं. यूएसबीवरची वस्तू एलएसपीसीआयमध्ये दिसत नाही, तिच्यासाठी एलएसयूएसबी. अंगठ्याचं मशीन, माऊस, प्रिंटर सगळे ओळीनं आले आणि डोंगलच्या ओळीत शेवटी लिहिलेलं: ड्रायव्हर सीडीरॉम मोड. गंमतच आहे. विंडोजवाल्यांना ड्रायव्हर शोधावा लागू नये म्हणून हे डोंगल आधी आपण सीडी आहोत अशी बतावणी करतं, पोटात ड्रायव्हर ठेवून. लिनक्समध्ये ती खोटी सीडी इजेक्ट केली की मग ते वायफाय म्हणून पुन्हा हजर होतं. तसंच केलं. गिऱ्हाइकाला हे सांगायचा प्रयत्न केला, त्यांनी फक्त "किती झाले?" विचारलं.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

दिवाळीची दुकानबंदी संपली. आज पहिलंच मशीन वीज कडाडल्यानंतर बंद पडलेलं. एलएसपीसीआयमध्ये इथरनेटची ओळच नाही. लगेच "मेलं" म्हणत नाही मी. बायोसमध्ये जाऊन लॅन पोर्ट बंद केलेला नाही ना, हे बघतो. चालूच होता. म्हणजे खरंच गेलं. वायरीतून आलेल्या झटक्यानं मदरबोर्डवरची लॅनची चिपच जाते, बाकी मशीन धडधाकट राहतं. मदरबोर्ड बदलायचं कारण नाही. मोकळ्या स्लॉटमध्ये साधं लॅन कार्ड बसवलं, यादीत ओळ आली, नेट चालू.

संध्याकाळी एका ग्रामपंचायतीतल्या ऑपरेटरचा फोन. मागं त्याला आयपी लिंक शिकवून ठेवलं होतं. "भाऊ, नेट गेलंय" न म्हणता त्यानं थेट पडद्यावरचं वाचून दाखवलं, "ईएनपी२एस० दिसतंय, पुढं नो कॅरियर लिहिलंय."

"मग कार्डाला हात लावू नको. फायबरच्या डब्यापासून मशीनपर्यंतची वायर बघ."

थोडा वेळ फोनवर टेबल सरकवल्याचा आवाज. मग तो म्हणाला, "उंदरानं खाल्लीय, भाऊ. दोन मीटर पाठवून द्या."