दवंडी आणि गवंडी

मराठी शिकविण्याचा पेशा पत्करला की माणसाला शब्द जोडीजोडीने दिसू लागतात. दवंडी आणि गवंडी ही अशीच एक जोडी. फरक काय तो एका अक्षराचा. पण एक चार चौकांत गाजणारी, तर दुसरा मुकाट्याने वीट रचणारा. जगातल्या बहुतेक कार्यांना दोघांची गरज लागते, आणि बहुतेक कार्यांत दोघांचे पटत नाही.

हे भांडण आमच्या घरात आले ते माझ्या भाच्यामुळे. चांगली नोकरी सोडून तो आणि त्याचे सहा मित्र संत्र्यांच्या सौद्यांसाठी एक ‘ब्लॉकचेन’ उभारीत आहेत. गाठीला पैसा आठ महिने पुरेल एवढा. चौघे म्हणतात, तो जाहिरातीवर लावा, हजारो सभासद गोळा करा. तिघे म्हणतात, आधी काम पुरे होऊ द्या. भाचा या तिघांतला. “दादा, तूच सांग रे त्याला काही,” असे म्हणून बहिणीने त्याला माझ्याकडे धाडला.

ब्लॉकचेन म्हणजे काय, हे मी माझ्यापुरते असे समजून घेतले. लक्ष्मीपूजनाला इतवारीतल्या पेढीवर जी वही पुजतात, ती एका मालकाची. ब्लॉकचेन ही मालक नसलेली वही. तिच्या प्रती शेकडो-हजारो ठिकाणी असतात, आणि प्रत्येक नवे पान मागच्या पानाशी असे गुंफलेले असते की एकाने खाडाखोड केली तर ती बाकीच्यांच्या प्रतींशी जुळत नाही. 3 जानेवारी 2009 रोजी बिटकॉइनच्या वहीचे पहिले पान लिहिले गेले. लिहिणारा सातोशी नाकामोतो हे टोपणनाव मागे ठेवून निघून गेला, तरी वही चालूच आहे.

म्हणजे इथे गिऱ्हाईक हाच पहारेकरी. तेव्हा माणसे जमविणे ही नुसती मिरवणूक नव्हे, तो बांधकामाचाच भाग झाला. प्रश्न एवढाच की, काय सांगून बोलवायचे? ‘गेनबिटकॉइन’ नावाच्या योजनेने दरमहा दहा टक्क्यांचे आमिष दाखवून माणसे बोलावली होती. 2018 साली पुणे पोलिसांनी तिच्या प्रमुखाला अटक केली, तोवर कितीतरी मध्यमवर्गीय घरांची पुंजी अडकली होती. दवंडी ऐकून धावलेल्यांपैकी किती जणांनी विचारले असेल, की बाबांनो, इमारत कुठे आहे?

याच्या उलट ‘पॉलिगॉन’ची कथा. 2017 साली जयंती कनानी, संदीप नैलवाल आणि अनुराग अर्जुन या तिघांनी मुंबईत ‘मॅटिक’ नावाने ती सुरू केली. इथेरियम ही मोठी वही तेव्हा गर्दीने तुंबली होती. सेकंदाला पंधराएक व्यवहार म्हणजे शिकस्त. त्या वहीला जोडून एक जलद पोटवही करावी, असा यांचा बेत. नवी कामे तपासून पाहण्यासाठी त्यांनी जे चाचणीचे जाळे केले, त्याचे नाव ‘मुंबई’; एप्रिल 2024 पर्यंत जगभरचे कारागीर आपापल्या विटा आधी या ‘मुंबई’त ठोकून पाहत. आणि 2021 च्या फेब्रुवारीत नवे नाव घेऊन त्यांनी दवंडीही जोरात पिटली.

डिसेंबर 2021 मध्ये मात्र कसोटी लागली. बाहेरच्या एका परीक्षकाने भिंतीतले भगदाड दाखविले. नऊ अब्जांहून अधिक नाणी धोक्यात होती. 5 तारखेला त्यांनी ते गुपचूप बुजविले, तोवर चोराने आठ लाखांवर नाणी लांबविली होती. 29 तारखेला त्यांनी सारी हकीगत जाहीर केली, नुकसान स्वतः सोसले, आणि भगदाड दाखविणाऱ्या दोघांना सुमारे 35 लाख डॉलर बक्षीस दिले. आधी गवंडी, मग दवंडी, आणि दवंडीही स्वतःच्या उणिवेची!

मोठी नावे जोडण्याची हौसही त्यांनी केली. स्टारबक्स या कॉफीवाल्यांची एक बक्षीस योजना या जाळ्यावर आली. मार्च 2024 अखेर ती बंद झाली. पण आमच्या विदर्भातले उदाहरण मला अधिक भावते. गडचिरोलीच्या एटापल्ली भागातील सुमारे 65 हजार जात प्रमाणपत्रांच्या नोंदी याच जाळ्यावर ठेवण्याचे काम 2022 साली हाती घेतले गेले. आपला दाखला खोटा ठरू नये, ही चिंता ज्या घरांना असते, त्यांना या वहीचा उपयोग वेगळा सांगावा लागत नाही.

हे ऐकून भाचा खुलला. “म्हणजे मामा, तुम्ही आम्हा तिघांच्या बाजूचे!”

“तसेही नाही,” मी म्हटले. “आमच्या वाङ्मय मंडळाच्या उद्घाटनाला नामवंत कवी आला की सभागृह भरते. पुढच्या आठवड्यात अंकाची मुद्रिते तपासायला चौघेच उरतात. पण ते चौघे तरी आले कुठून? उद्घाटनाचा फलक वाचूनच ना? फलक लावलाच नसता, तर मुद्रिते मी एकटाच तपासत बसलो असतो.”

तो विचारात पडला. मग मी त्याला एवढेच सुचविले, की दवंडीचा मजकूर बदला. ‘या, श्रीमंत व्हा’ असे म्हणाल तर भाव उतरताच पांगणारी गर्दी येईल. ‘या, आमची वही तपासा, चूक दाखवा’ असे म्हणाल तर थोडे येतील, पण ते पहारेकरी होतील. आणि जेवढी भिंत उभी आहे, तेवढीच दवंडीत सांगा.

त्यांनी पैशाचे काय ठरविले, हे मला ठाऊक नाही. एवढे मात्र कळले, की येत्या मोसमात सातहीजण काटोलच्या बागाईतदारांपुढे अर्धी झालेली वही घेऊन जाणार आहेत, चुका काढून घ्यायला. भाच्याच्या मते हे बांधकाम आहे; त्याच्या चार मित्रांच्या मते ही जाहिरात आहे. दोघांनाही आपलेच म्हणणे खरे झाल्यासारखे वाटावे, याहून चांगला तोडगा माझ्या ऐकिवात नाही.