शिळे गरम करण्यापूर्वी



भाताच्या जाती आणि खताच्या मात्रा सांगत हिंडणाऱ्या माणसाने चुलीजवळच्या शिळ्या अन्नावर लिहावे, याचे काहींना नवल वाटेल. पण शेतात पिकलेला दाणा शेवटी ताटातच यायचा असतो. तो पिकवायला आपण चार महिने चिखलात राबतो, आणि शिजवल्यानंतर तो कसा राखावा याचा विचार मात्र चार मिनिटेही करीत नाही. म्हणून आज हा विषय.

माझ्या नोकरीची बरीच वर्षे डहाणू आणि तलासरी तालुक्यांत गेली. मुंबई-अहमदाबाद महामार्ग या दोन्ही तालुक्यांतून जातो. त्याच्या आजूबाजूच्या पाड्यांवरची तरुण मुले आता वापी, उंबरगाव, बोईसरच्या कारखान्यांत कामाला जातात. पगाराच्या दिवशी घरी येताना आईसाठी, धाकट्या भावंडांसाठी खाऊ आणतात. पूर्वी तो भज्यांचा नाहीतर जिलेबीचा पुडा असे. आता पुठ्ठ्याचा चौकोनी खोका असतो आणि त्यात असतो पिझ्झा.

पिझ्झा म्हणजे काही अजब वस्तू नव्हे. मैद्याचे पीठ आंबवून केलेली जाडसर भाकरी, तिच्यावर टोमॅटोचा घट्ट रस, भाज्या आणि दुधापासून केलेले चीज, हे सारे भट्टीत भाजायचे. इटलीतल्या नेपल्स शहरात हे मुळात गोरगरिबांचे खाणे. आपल्या देशात परदेशी कंपन्यांची पिझ्झाची दुकाने १९९६ साली दिल्ली आणि बंगळूरला उघडली आणि पुढे गावोगाव पसरली. इकडे मात्र तो सणासुदीचा खाऊ. तीन-चारशे रुपये मोजून आणलेला, म्हणून उरला तर टाकवत नाही.

तलासरीजवळच्या एका पाड्यावर खरिपाच्या बियाण्याची बैठक संपत आली होती. मागे बसलेल्या एका मावशींनी विचारले, "साहेब, पोरगा रात्री वापीहून तो पिझ्झा आणतो. सकाळी बघावं तर चामड्यासारखा झालेला. तो बिघडला म्हणायचा का? चुलीवर गरम केला तर चालेल का?" बाया तोंडाला पदर लावून हसल्या. मला मात्र हा प्रश्न त्या दिवशीच्या सगळ्या प्रश्नांत मोलाचा वाटला. मावशींनी खरे तर दोन प्रश्न विचारले होते. कडक झालेले अन्न बिघडलेले असते का? आणि गरम केलेले अन्न निर्धोक होते का? दोन्हींचे उत्तर 'नाही' असेच आहे.

आधी पहिला प्रश्न घेऊ. भाकरी शिळी झाली की कडक होते. तिच्यातले पाणी उडून गेले म्हणून, असे आपण समजतो. पण बूसँगो नावाच्या फ्रेंच कृषिरसायनशास्त्रज्ञाने १८५२ साली दाखवून दिले की, पाव हवाबंद ठेवून त्यातले पाणी उडू दिले नाही तरी तो शिळा होतोच. आणि पुन्हा तापवला की मऊ होतो. याचे कारण पिठातल्या स्टार्चमध्ये आहे. शिजताना स्टार्चचे कण पाणी पिऊन फुगतात व सैल होतात. गार होताना ते पुन्हा एकमेकांना घट्ट धरतात. ६० ते ७० अंश सेल्सिअसपर्यंत उष्णता मिळाली की ती पकड सुटते. तांदळाच्या भाकरीला, नागलीच्या भाकरीला आणि पिझ्झाच्या बुडाला हा एकच नियम लागू आहे. फ्रिजच्या गारव्यात तर ही पकड अधिक लवकर बसते. म्हणून फ्रिजमधली भाकरी कडक निघाली तर ती वाया गेली असे समजू नका.

आता गरम करण्याची रीत. लोखंडी तवा किंवा भाकरीची मातीची खापरी चुलीवर ठेवा. जाळ मोठा नको, निखाऱ्यांची धग पुरे. गॅस असेल तर बारीक ठेवा. पिझ्झाचे तुकडे चीजची बाजू वर करून मांडा. तेल घालू नका. दोन-तीन मिनिटांत बूड खरपूस होते. मग तव्याच्या मोकळ्या कडेला चमचाभर पाणी टाका आणि लगेच वर झाकण घाला. पाणी तुकड्यावर पडू देऊ नका. तव्याच्या धगीने बूड कुरकुरीत राहते आणि कोंडलेल्या वाफेने वरचे चीज विरघळते. मिनिट-दोन मिनिटांनी मधल्या भागातून वाफ निघू लागली की झाले. शिळ्या भाकरीलाही पाण्याचा हलका हात लावून अशीच झाकून वाफ द्या. ती पुन्हा मऊ होईल. पुठ्ठ्याचा खोका मात्र चुलीजवळ नेऊ नका, तो पटकन पेटतो.

येथपर्यंत चवीची गोष्ट झाली. यापुढची जिवाची आहे.

एका घरी मुलाने रात्री आणलेला चिकनचा पिझ्झा निम्मा उरला. खोका तसाच फळीवर राहिला. दिवस मे महिन्याचे. दुसऱ्या दिवशी दुपारी आईने तो तव्यावर चांगला कडकडीत गरम करून लहानग्यांना दिला. दोन-तीन तासांत दोन्ही पोरांना उलट्या सुरू झाल्या. मी कामानिमित्त तेथेच होतो. जलसंजीवनीची पुडी एक लिटर स्वच्छ पाण्यात कालवून थोडे थोडे पाजत त्यांना दवाखान्यात नेले. पोरे सावरली. आई एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होती, "मी तर चांगलं गरम केलं होतं."

त्या माउलीचे काही चुकले असे मी म्हणणार नाही, कारण ही गोष्ट तिला कधी कोणी सांगितलीच नव्हती. उष्णतेने जंतू मरतात हे खरे. पण मरण्यापूर्वी काही जंतू अन्नात विष सोडून जातात, आणि ते विष आपल्या चुलीच्या आचेने नष्ट होत नाही. फवारणीचा पंप धुऊन ठेवला तरी पानावरचे औषध जात नाही, तसेच हे. माणसाच्या हातावर आणि नाकात असणारे काही जंतू असे विष करतात. शिजवलेल्या भातातही मातीतून आलेला एक जंतू हेच करतो. राब भाजला की तणाचे बी मरते. पण या जंतूचे बी भात शिजवूनही मरत नाही. भात कोमट राहिला की ते रुजते.

म्हणून शिळे गरम करण्यापूर्वी ते किती वेळ उघड्यावर होते हे आधी विचारा. जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला असा की शिजवलेले अन्न २ तासांपेक्षा जास्त बाहेर ठेवू नये. ठेवायचे तर ५ अंशांच्या खाली गार किंवा ६० अंशांच्या वर गरम ठेवावे. कडक उन्हाळ्यात १ तासच धरा. वापीहून घरी पोहोचेपर्यंत गेलेला वेळही त्यातच मोजायचा. माठाशेजारचा गारवा पुरत नाही, कारण आपल्या किनाऱ्याच्या दमट हवेत पाणी सावकाश उडते आणि माठ फारसा गार होत नाही. फ्रिज असेल तर उरलेले तुकडे झाकणाच्या डब्यात लगेच ठेवा. पावसाळ्यात वीज गेली तर दार उघडू नका. बंद फ्रिज साधारण ४ तास गारवा धरतो. फ्रिज नसेल तर त्याच रात्री शेजारच्या पोरांना बोलावून खोका संपवा. जेवढे खायचे तेवढेच गरम करा, आणि पुन्हा पुन्हा गरम करू नका.

कोणी म्हणेल, आमचे वाडवडील आंबील पीतच जगले. खरे आहे. पण आंबवलेले निराळे आणि विटलेले निराळे. आंबिलीत आंबटपणा येतो आणि तो वाईट जंतूंना रोखतो. रात्रभर झाकून ठेवलेल्या भातात किंवा चिकनमध्ये तसला राखणदार नसतो.

शेवटी एक गोष्ट पुरुष मंडळींना. शिळे बहुधा कोण खाते, हे आपल्या घरात एकदा नीट पाहा. सगळ्यांची ताटे झाल्यावर उरलेसुरले घरची बाई गुपचूप खाते, कारण अन्न टाकू नये हा संस्कार तिच्यावरच सर्वांत पक्का झालेला असतो. संस्कार चांगलाच आहे. पण तो पाळायचा तर बेताने आणावे, बेताने रांधावे आणि उरले तर वेळेत वाटून खावे. वासाने किंवा वेळेने शंका आली तर ते अन्न खतखड्ड्यात जाऊ द्या. तेथे त्याचे खत होईल आणि ते आपल्याच शेताला मिळेल. तीनशे रुपयांचा खोका वाया गेल्याची हळहळ दोन दिवसांची. घरच्या माउलीने अंथरूण धरले तर चूल, गुरे आणि लावणी सारेच अडते.