झडीतले उद्योग

बहात्तर तास हे शब्द कानावर पडले की माझं डोकं अजून फिरतं. लोक म्हणतील, २०२२ ची गोष्ट, किती दिवस उगाळायची? मी उगाळणार.

गाव दर्यापूर तालुक्यात, पूर्णेच्या खोऱ्यात. खारपाणपट्टा म्हटलं की वऱ्हाडातल्या माणसाला पुढचं सांगावं लागत नाही. विहिरीचं पाणी खारं, जमीन काळी चिकण. पाऊस नसला तर पाय जाईल एवढ्या भेगा, पडला तर वरचं पाणी खाली जिरत नाही. आणि झडी म्हणजे धो-धो पाऊस नव्हे. भुरभुर, मध्येच एखादी जोराची सर, पुन्हा भुरभुर, आणि सूर्य बेपत्ता.

वडिलांच्या वेळी झडी लागली की माणसं रिकामी बसत नसत. आधी पागोळ्यांखाली गंगाळ, घागरी, बादल्या, जे सापडेल ते मांडायचं. आमच्या खाऱ्या पाण्यात तुरीची डाळ शिजता शिजत नाही. पावसाच्या पाण्यात मात्र लगेच शिजते. मग धाब्यावर जिथे गळतं, तिथे खारी माती टाकायला कुणीतरी पोतं डोक्यावर घेऊन चढायचं. ते झालं की ओसरीत अंबाडीचे दोर वळायचे. पोळा जवळ आलेला असे, तेव्हा मोरक्या, वेसणी, कासरे सगळं हातानं. दुपारी मेंढीकोट, रात्री कुणाकडे तरी हरिविजयाची पोथी. जेवायला ज्वारीच्या कण्या नाहीतर कढी-गोळे. पाहुण्यांना हे सांगितलं की ते हरखतात. पण एक सांगून ठेवतो, झडीची मजा पुरुषांची. आई ओल्या गोवऱ्या फुंकत धुरात बसलेली असे आणि भज्यांची फर्माईश करणारे आम्ही ओसरीत.

तर २०२२ चा जुलै. सोमवारी पाणी सुरू झालं. मंगळवारी लाइट गेली. बुधवारी सोयाबीनच्या वावरात पाणी साचलेलं दिसलं. गुरुवारी शेंड्याची पानं पिवळी पडायला लागली. पीक विमा काढलेला होता, दोन टक्के हप्ता भरलेला. नियम असा की नुकसान झाल्यापासून बहात्तर तासांत कळवायचं, ॲपवर नाहीतर टोल-फ्री नंबरवर. टोल-फ्रीवर संगीत वाजत राहिलं आणि माझ्या फोनची बॅटरी संपत राहिली. राहिलं ॲप. त्याला वावरात उभं राहून काढलेला फोटो पाहिजे, म्हणजे ठिकाण कळतं. वावर पांदणीच्या त्या टोकाला, आणि झडीतली आमची पांदण माहीत असलेला माणूस तिकडे बैल घालत नाही. गमबूट पहिल्या पन्नास पावलांतच चिखलानं ओढून घेतले. चुलतभावाचा पोरगा बारावीतला, त्याचा फोन प्लास्टिकच्या पिशवीत. दोघं अनवाणी, बाभळीचे काटे चुकवत गेलो. फोटो निघाला. पण वावरात नेटवर्क नाही. पुन्हा गावात, पाण्याच्या टाकीच्या जिन्यावर अर्ध्यात चढलं की दोन कांड्या येतात. तिथे आधीच आठ-दहा कास्तकार ओले होऊन ओटीपीची वाट पाहत उभे. पूर, गारपीट, ढगफुटी वगैरे यादीतून आम्ही ‘क्षेत्र जलमय होणे’ निवडलं. मग पुढचा रकाना आला, घटनेचा दिनांक.

पोरगा म्हणाला, “काका, तारीख कोन्ती टाकू?”

“सोमवार टाक. सोमवारपासूनच तं येऊन राह्यलं पाणी.”

“पन काका, सोमवारी तं वावरात पाणी नव्हतं.”

“मंग पाणी आलं कुठून? सोमवारचंच हाय ना ते!”

आम्ही सोमवार टाकला. गुरुवारची संध्याकाळ होती. तक्रार अपात्र झाली, कारण ‘विहित मुदतीनंतर सूचना’. माझ्या धुऱ्याला धुरा लागून ज्याचं वावर आहे, त्यानं त्याच टाकीवर, माझ्या मागे उभं राहून बुधवार टाकला. त्याच्याकडे माणूस पाहणीला आला, फोटो घेऊन गेला, पुढे पैसेही जमा झाले. पाणी एकच, त्याच्या वावरातून माझ्या वावरात उतरलेलं. भेटला तेव्हा म्हणाला, “बुधवार टाकाचा होता ना बावा. झडीले कायची तारीख?”

हेच मला अजून समजत नाही. गारपिटीला तारीख असते, ढगफुटीला वेळसुद्धा असते. झडीतलं पीक एका दिवशी मरत नाही. मुळं गुदमरतात, मग पान पिवळं पडतं, मग फूल गळतं. यातला कोणता क्षण ‘घटना’ धरायचा? ज्यानं हा रकाना बनवला त्यानं झडी पाहिलेली नसणार.

सरकारी मदतीचंही तसंच. महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटर पाऊस झाला तर अतिवृष्टी. झडीत एवढा आकडा क्वचित लागतो. लोकांनी ओरड केली, म्हणून २०२३ मध्ये ‘सततचा पाऊस’ ही आपत्ती मानली गेली. म्हणजे सलग पाच दिवस, दर दिवशी किमान १० मिलिमीटर. मधल्या एका दिवशी आठच झाला तर? आणि मोजायचं यंत्र मंडळाच्या गावी. आमच्याकडे कोसळतो तेव्हा तिथे ऊन असतं, असंही मी पाहिलंय. पुढे उपग्रहावरून पिकाचा हिरवेपणा तपासतात म्हणे. सोयाबीन सडल्यावर वावरात जे गवत माजतं, ते हिरवंच असतं साहेब.

झडीत पीक कसं वाचवायचं, असं कुणी विचारलं तर मी सांगतो, पेरणी रुंद वरंबा-सरीवर करा, बीबीएफ यंत्र भाड्यानं मिळतं, पाणी सरीत उतरतं आणि मुळाशी तुंबत नाही. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचे लोकही हेच सांगतात. पण सरीतलं पाणी पुढे कुठे काढायचं? खालच्यानं धुऱ्यावर बांध घातला की सगळं शास्त्र तिथे थांबतं आणि प्रकरण तहसीलात जातं. तरी चर खोदून घ्याच, जूनच्या आत.

आता गंमत ऐका. ज्या बहात्तर तासांना मी एवढ्या शिव्या दिल्या, ते २०२५ च्या खरिपापासून राज्यात गेलेच. स्थानिक आपत्तीची सूचना द्यायची सोय विम्यातून काढून टाकली. मधली दोन वर्षं एक रुपयात विमा होता, तोही बंद. सोयाबीनला हप्ता पुन्हा दोन टक्के. भरपाई आता फक्त पीक कापणी प्रयोगावर, सगळ्या मंडळाची मिळून. माझ्या एकट्याचं वावर तळं झालं तर ते कळवायला रकानाच नाही. मला बरं वाटायला पाहिजे होतं. वाटलं नाही. चुकीची का होईना, तारीख विचारत तरी होते.

टाकीच्या जिन्यावर आता झडीत कुणी चढत नाही. देवळाच्या ओसरीत मेंढीकोट पुन्हा जोरात आहे. मीही जातो, पण त्या शेजाऱ्याचा भिडू होत नाही. दर डावाला तो बुधवार काढतो.