बाबांचे पॉइंट

समुद्राच्या हौसेपायी बाबांनी इंदुरात बसून गोव्याच्या रिसॉर्टची 25 वर्षांची टाइमशेअर मेंबरशिप घेतली. जाणं झालं दोनदाच. ते वारले तेव्हा साठलेले पॉइंट वर्षअखेर बाद होणार होते. देखभाल फी तर न जाताही भरतच होतो.

आईला गोवा नको होता. “त्या व्हरांड्यात मी एकटी काय करू?”

म्हणून एक्सचेंज. पॉइंट लागतात ते हंगाम आणि खोलीच्या आकारावर; वर एक्सचेंज फी वेगळी. मे महिन्यातल्या मसुरीला आमचे पुरेनात. जुलैतलं मुन्नार परवडलं, अर्थात धो धो पावसातलं.

“माणसं मोजून पॉइंट कापत नाहीत ना?” आईने विचारलं.

“नाही.”

“मग मावशीलाही घे.”

पाच दिवस डोंगर दिसला नाही. दोघी पत्ते कुटत बसल्या. बाबा पत्त्यांत किती लबाडी करायचे, ते मला तिथे कळलं.